तिसऱ्यांदा ऐकलेलं गाणं

बंबाच्या धुराने तुम्हाला जाग येते. शेणी आणि लाकडाच्या ढलप्या पेटल्या आहेत, धूर चौकात घुटमळून वर कडीपाटापर्यंत चढला आहे. अंगाखाली सतरंजी, उशाशी पितळी तांब्याभांडं. मोटारीचा आवाज कुठूनच नाही. लांबून टांग्याच्या घोड्याच्या टापा येतात आणि लक्ष्मी रस्त्याकडे विरून जातात. भिंतीवरचं कॅलेंडर सांगतं: रविवार, ३ एप्रिल १९५५.

नारायण पेठेतला हा वाडा. चौकाच्या चार बाजूंना सात बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून रेडिओ एक. तो नानांच्या बाहेरच्या खोलीत. तुम्ही नानांकडे मुंबईहून आलेले पाहुणे आहात असं सगळ्यांनी धरून चाललंय, आणि नात्याची उकल करायला आज कुणाला सवड नाही. तुम्हाला एकच पथ्य पाळायचं आहे. पुढचं जे जे ठाऊक आहे ते तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही. सकाळच्या पारी हे पथ्य सोपं वाटतं.

रेडिओ भिंतीतल्या फळीवर आहे, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच. लाकडी पेटी, तिच्यावर वहिनींनी विणलेलं क्रोशाचं झाकण. समोर पिवळसर कापड, त्याखाली काचेची लांब पट्टी आणि पट्टीवर गावांची नावं. दिल्ली, कोलंबो, लंडन ही सगळी एकमेकांपासून बोटभर अंतरावर. तांब्याच्या तारांची विणलेली जाळी फितीसारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधली आहे. ही एरियल. नाना आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून येतात, झाकण उचलतात, त्याची घडी घालतात आणि बटण फिरवतात. खट्ट होतं. काचेमागे दिवा लागतो. आणि काहीच ऐकू येत नाही.

बिघडला की काय, म्हणून तुमचा हात पुढे होतो. थांबा. आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत, त्यांना तापायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. आधी बारीक गुणगुण येते, मग तापलेल्या धुळीचा वास, मग हिरवा डोळा उघडतो आणि नाना सुई सरकवतील तसा मिटत-उघडत राहतो. तो नीट मिटला की केंद्र नेमकं लागलं. नाना श्वास रोखून शेवटचा केसभर फेर देतात, आणि तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची ती छोटी धून खोलीत येते.

ती तुम्हाला ओळखू येते. सत्तर वर्षांनंतरही तीच असणार आहे. वॉल्टर कॉफमन नावाचा एक ज्यू संगीतकार हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईला आला, मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग पाहू लागला आणि १९३०च्या दशकात त्याने ही धून बांधली. शिवरंजनीच्या सुरांची ही सकाळ एका निर्वासिताने आपल्याला दिलेली आहे. खोलीत हे कुणालाही माहीत नाही. तुम्ही गप्प राहता.

पुण्याचं स्वतःचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं, म्हणजे अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी पुणेकर मुंबई लावत. "घाट चढून येईस्तोवर आवाज दमायचा हो," नाना सांगतात. आता आवाज गावातला आहे. बोलणाऱ्याचा उच्चार ओळखीचा, गाणारी बाई कुणाची तरी शेजारीण. बा. भ. बोरकर, पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर ही मंडळी याच सुमारास या केंद्रावर नोकरीला येताहेत. एवढी लेखणी एका सरकारी कचेरीत एका वेळी क्वचित जमते. पण वाड्याला अजून त्याचं अप्रूप नाही. वाड्याला आज दुसरीच ओढ आहे.

ती ओढ तुम्हाला नानांच्या धाकट्या मुलीच्या मांडीवर दिसते. हुजूरपागेत शिकणारी, बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. मांडीवर वही. तिने उघडून दाखवली तर पान अर्धं निळ्या शाईत, अर्धं पेन्सिलीत, आणि मध्ये मध्ये आडव्या रेघा. शब्द सुटला तिथे रेघ. तीन शब्द सुटले असतील तर तीन रेघा.

परवा, शुक्रवारी, रामनवमी होती. त्या सकाळी पावणेनऊला पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल आणि फडक्यांचाच आवाज. केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी ही योजना मांडली: दर आठवड्याला एक गाणं, शुक्रवारी पहिल्यांदा, मग शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. शुक्रवारी घरात नवमीचा स्वयंपाक, देवघरात पाळण्याची तयारी, तुळशीबागेत जन्माला जायची घाई. मुलीने हाताला लागेल तेवढं शाईने उतरवून घेतलं. शनिवारी तिची सकाळची शाळा. मग वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहणाऱ्या कॉलेजच्या मुलाला तिने वही दिली, आणि त्याने पेन्सिलीने भर घातली. बऱ्याच रेघा भरल्या. काही ठिकाणी त्याने स्वतःच्या मनाने काहीतरी घातलंय असा तिला संशय आहे. आज तिसरी खेप. आज झालं तर झालं, कारण पुढच्या शुक्रवारी दुसरं गाणं येणार.

ऐकलेलं परत मागवता येत नाही, हे तुम्हाला या वहीने जेवढं कळतं तेवढं कुणी समजावून कळलं नसतं.

साडेआठपासून मंडळी जमायला लागतात. पुरुष ओटीवर, बायका माजघराच्या दारात, मुलं पुढे जमिनीवर. समोरच्या बिऱ्हाडातले मास्तर स्वतःची खुर्ची घेऊन येतात. रस्त्यावरचा शिंपी दिंडी दरवाज्यातच उभा राहतो. "आत या की," म्हटलं तरी उंबरा ओलांडत नाही. मग नाना आवाज वाढवतात, त्याच्यापर्यंत पोचेल इतका. रेडिओचा परवाना पोस्टात पैसे भरून दरवर्षी नाना काढतात, पण ऐकायचं सात बिऱ्हाडांनी आणि दारातल्या शिंप्याने, ही या घराची रीत. मला ती फार मोठी वाटते. पुढे घरोघर रेडिओ आले, मग खोलीखोलीत, मग कानाकानात. त्या वेळी एक आवाज मोठा करून ठेवण्यात जो शेजारधर्म होता त्याचं नावही आपण विसरलो.

सगळ्यांत शेवटी जिना उतरून माई येतात. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी लुगडं, अनवाणी. अक्षरओळख नाही. दर चातुर्मासात श्रीधरांचा रामविजय दुसऱ्याने वाचायचा आणि त्यांनी ऐकायचा, असे पन्नासएक चातुर्मास झालेले. त्या खांबाला टेकून बसतात आणि डोळे मिटून घेतात.

आणि वहिनी. शुक्रवारी त्यांनी हे गाणं पुरणाच्या पातेल्यापाशी ऐकलं, शनिवारी नानांचा डबा भरताना. म्हणजे दोन्ही वेळा पाठमोऱ्या. आज त्या शेगडीवरचं आधण उतरवून ठेवतात, हात पदराला पुसतात आणि माजघराच्या दारात पाट टाकून बसतात. बसतात, एवढंच. पण त्या बसल्याबरोबर धाकटी मान वळवून बघते, नाना बघतात, मास्तरीणबाईही बघतात. सकाळी पावणेनऊला या बाईला बसलेली कुणी पाहिलेलं नाही.

निवेदक नाव सांगतो. सूर सुरू होतात.

भूप. पाचच स्वरांचा राग, कुठे अडचण नाही, कुठे आडवळण नाही. दोन मुलं रामाच्या दरबारात रामाचीच गोष्ट गाताहेत आणि ऐकणाऱ्याला ती आपली मुलं आहेत हे ठाऊक नाही, अशी सुरुवात. तुम्हाला हे गाणं लहानपणापासून पाठ आहे. कॅसेटवर ऐकलं, सीडीवर ऐकलं, गणपतीत ऐकलं, कुणाच्या तरी एकसष्टीला ऐकलं. इतकं ऐकलंत की ते ऐकू येईनासं झालं होतं. आज ते तीन दिवसांचं आहे. पुढची ओळ काय येणार हे खोलीत कुणालाही नक्की माहीत नाही, आणि त्या न माहीत असण्यानं सगळे पुढे झुकले आहेत. ओळ संपते तेव्हा मास्तर बारीक हुंकार देतात. एका कडव्यानंतर शिंपी टोपी काढून हातात घेतो. वहिनींच्या मांडीवरचे हात उलटे, तळवे वर, उघडे पडले आहेत. त्यांना हातांचं काय करायचं ते सुचत नाहीये.

धाकटीचं पेन धावतंय. एक रेघ भरली. दुसरी भरली. पेन्सिलीतला एक शब्द तिने खोडला, संशय खरा होता. आता शेवटची रेघ. ते कडवं आलं. ती ओळ आली.

"कल्हईऽऽऽय!"

दिंडी दरवाज्यातून, शिंप्याच्या खांद्यावरून, भर आवाजात. कल्हईवाला भाता पाठीवर टाकून दारात उभा. "हळू, हळू!" म्हणत शिंपी दोन्ही हात हलवतो. पण तो शब्द गेला. गाणं पुढच्या ओळीवर पोचलंय, रेडिओला कल्हईवाला ऐकू येत नाही.

तुम्हाला तो शब्द माहीत आहे. तो तुमच्या जिभेवर आलाय, चालीसकट. धाकटी तुमच्याकडेच बघते, कारण तुम्ही तिच्या सगळ्यांत जवळ बसला आहात. "तुम्हाला आला का ऐकू?" तुम्ही मान हलवता. नाही. सकाळी सोपं वाटलेलं पथ्य आता घशात अडकून बसतं.

गाणं संपतं. वहिनी उठतात, पाट भिंतीला लावतात. "पुढच्या शुक्रवारी बघू," नाना तिला म्हणतात. "पुढच्या शुक्रवारी पुढचं गाणं," ती म्हणते आणि वही मिटते.

पुढचं गाणं. तिथून पुढे वर्षभर, मध्ये अधिक महिना आल्यामुळे थोडी जास्तच, अशी ५६ गाणी. माणिक वर्मा सीता होऊन गातील, वसंतराव देशपांडे गातील, लता मंगेशकर गातील. मुंबई रस्त्यावरच्या वाकडेवाडीच्या आपल्या 'पंचवटी' बंगल्यात माडगूळकर आठवड्याला एक गाणं लिहीत राहतील, कधी अगदी आयत्या वेळी. काही महिन्यांत घरोघर शुक्रवारी सकाळी रेडिओसमोर रांगोळी पडेल, पेटीला हार घातला जाईल, उदबत्ती लावली जाईल. १९ एप्रिल १९५६ला, पुढच्या रामनवमीला, शेवटचं गाणं होईल. आणि १९५७च्या ऑक्टोबरात, विजयादशमीला, सरकारच्या प्रकाशन विभागाकडून सगळी गाणी छापलेलं पुस्तक निघेल. अडीच वर्षं. बारा वर्षांच्या मुलीला तुम्ही अडीच वर्षं थांब म्हणू शकत नाही, आणि म्हणायची मुभाही नाही.

मग मुलांचा कार्यक्रम लागतो, तो मुलं ऐकतात. बातम्या लागतात, त्या मास्तर ऐकतात. पहिली सभा संपते. सभा हा रेडिओचा शब्द: सकाळची पहिली, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. मधल्या वेळात केंद्रावर काहीच नसतं. नाना बटण फिरवतात, हिरवा डोळा विझतो, पेटीवर पुन्हा क्रोशाचं झाकण.

जेवणात आंब्याची डाळ आहे, चैत्र आहे ना. जेवणानंतर वाडा आडवा होतो. तुम्ही सतरंजीवर पडून फळीकडे बघता आणि एक नको तो हिशोब मनात सुरू होतो. ती फळी जमिनीपासून किती उंच? पाच फूट? साडेपाच? १२ जुलै १९६१ला, बुधवारी, पानशेतचं धरण फुटेल आणि मुठेचं पाणी या पेठेत शिरेल. माणसं जीव घेऊन उंचावर पळतील, वह्या आणि रेडिओ जागेवर राहतील. तुम्ही उठून फळीखाली उभे राहता, हात वर करून अंतर मोजता. मोजून काय करणार? सहा वर्षं आहेत अजून. तुम्ही पुन्हा आडवे होता. झोप मात्र लागत नाही.

पाच वाजता कॉलेजचा मुलगा खाली येतो. "चला पाहुणे, चहा घेऊ." तुम्ही लकडी पूल ओलांडता. सायकलीच सायकली, पूलभर घंट्यांचा आवाज. डेक्कनवरच्या एका इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबल, एक चहा दोघांत, आणि कपाटावरच्या रेडिओवर कोलंबो.

नानांच्या घरी हे ऐकायला मिळत नाही. पुणे केंद्रावरही फारसं मिळत नाही. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, १९५२पासून त्या खुर्चीत आहेत. शास्त्रीय संगीत घरोघर पोचलं पाहिजे, सिनेमाच्या गाण्यांनी कान बिघडतात, हा त्यांचा ठाम विश्वास. सिनेमाची गाणी आटत गेली, आणि ऐकणारे समुद्र ओलांडून सिलोनला गेले. तिथलं प्रक्षेपण यंत्र फार ताकदीचं, महायुद्धातल्या माउंटबॅटनच्या सैन्याची करमणूक करण्यासाठी आणलेलं. लढाई संपली, यंत्र राहिलं, आणि आता त्याच्यावरून 'नागिन'ची बीन वाजते. ती बीन खरी बीन नाहीच, कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली आहे, हे तुमच्या मित्राला कुठूनतरी कळलंय आणि तो ते अगदी खालच्या आवाजात सांगतो. बुधवारी रात्री आठला इथे बसायला जागा मिळत नाही. अमीन सायानीची बिनाका गीतमाला. मालक काही बोलत नाही, फक्त चहा आणखी मागवाल का विचारतो.

केसकरांवर त्या काळातली तरुण पोरं फार चिडलेली. मला त्यांच्याबद्दल एवढंच म्हणावंसं वाटतं की खेड्यापाड्यातल्या ज्या माणसाला मैफलीचं दार कधी उघडलं नसतं त्याच्या कानावर फैयाज खाँसाहेबांची परंपरा पडली ती याच हट्टामुळे. पण हट्टाने कान बांधून ठेवता येत नाहीत, हेही तितकंच खरं. इंग्रजांकडे हे आधीच घडून गेलं होतं. युद्धापूर्वी बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी रविवार हा देवाचा दिवस म्हणून प्रवचनं आणि गंभीर संगीत यांना देऊन टाकला होता. लोकांनी सुई सरकवली आणि लक्झेंबर्गची नाचगाणी लावली. लंडनचा रविवार लक्झेंबर्गने पळवला, पुण्याची संध्याकाळ कोलंबोने.

साडेपाच वाजतात. लंडनमध्ये आता दुपारचे बारा. तिथे या क्षणी घराघरांत बीबीसीच्या लाइट प्रोग्रॅमवर 'टू-वे फॅमिली फेव्हरिट्स' सुरू होतंय. जर्मनीत छावणीवर असलेल्या सैनिकाने घरच्यांसाठी गाणं मागायचं, घरच्यांनी त्याच्यासाठी. स्वयंपाकघरात मांस भाजलं जातंय, काचांवर वाफ, आणि कुणाचीतरी आई ओट्याशी उभी राहून आपल्या मुलाचं नाव पुकारलं जाईल का ते ऐकतेय. तीही पाठमोरीच असेल.

रात्री वाड्यात परत. आता वारा आहे, माणसं चौकात आहेत, वहिनींनी पन्हं केलंय. अंधार पडला की लांबची केंद्रं जवळ येतात, म्हणून नाना आता शॉर्टवेव्हचं बटण दाबतात. काचेच्या पट्टीवर सुई सरकते आणि जग खरखरत जातं. अनोळखी भाषा, शिट्टी, मोर्सची टिकटिक, पुन्हा खरखर. एका जागी पोर्तुगीज बोलणं आणि गिटार. "पणजी," मास्तर म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढतात. गोव्याचं ते सरकारी केंद्र. पुण्यात सध्या गोव्याचीच चर्चा आहे. महिना-दीड महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन याच गावातून निघतील. मास्तर मिनिटभर ऐकतात, न कळणारी भाषा लक्ष देऊन ऐकतात, आणि म्हणतात, "पुढे."

मग लंडन. लाटांवर आवाज वर-खाली होतो, मोठा होतो, बुडतो, पुन्हा वर येतो. नाना कान पेटीला लावून इंग्रजी ऐकतात आणि सगळ्यांना मराठीत सांगतात. लंडनमधली मोठी वर्तमानपत्रं गेला आठवडाभर निघालेली नाहीत, छापखान्यातल्या विजेच्या आणि यंत्राच्या कामगारांचा संप आहे. "म्हणजे तिकडेही सध्या सगळं रेडिओवरच," मास्तर म्हणतात. आणि चर्चिल जाणार अशी बोलवा आहे. कुणी म्हणतं, तो म्हातारा कसला जातो. तुम्हाला माहीत आहे, परवा, मंगळवारी, तो राजीनामा देईल. तुम्ही पन्ह्याचा घोट घेता.

"लंडनहून मराठीत पण बोलतात की," कॉलेजचा मुलगा म्हणतो. खरंच आहे. बीबीसीने १९४२च्या मार्चमध्ये, युद्धाच्या धामधुमीत, मराठी सुरू केलं आणि ते १९५८च्या नाताळापर्यंत चालू राहील. हजारो मैलांवरच्या एका इमारतीत कुणी मराठी माणूस थंडीत कोट घालून माइकपुढे बसतो आणि 'नमस्कार' म्हणतो, ही कल्पनाच वहिनींना विलक्षण वाटते. "त्याला तिकडे जेवायला काय मिळत असेल?" त्या विचारतात.

नऊ वाजून गेल्यावर नाना पुन्हा पुणं लावतात. ख्याल चालू आहे, साथीला सारंगी. बाजाची पेटी नाही. रेडिओवर पेटीला १९४०पासून बंदी आहे. तिचे स्वर ठोकळ, त्यांत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती. बंदी उठायला १९७१ उजाडेल. संगीत नाटकांवर वाढलेल्या, बालगंधर्वांच्या मागे ऑर्गनचा सूर ऐकत मोठ्या झालेल्या या गावाला पेटीशिवायचं गाणं थोडं उघडं-उघडं वाटतं. नाना मात्र डोळे मिटून बसले आहेत, उजव्या हाताची बोटं मांडीवर विलंबित मोजताहेत. समेवर येताना अंगठा दाबला जातो. मुलं एकेक करून सतरंजीवर झोपली. ख्याल सरतो, बातम्या होतात, निवेदक निरोप घेतो. तिसरी सभा संपली. नाना लगेच बटण फिरवत नाहीत. थोडा वेळ नुसती गुणगुण चालू राहते, मग खट्ट. काचेमागचा दिवा गेल्यावर खोली किती अंधारी आहे ते कळतं.

धाकटी झोपलेली नाही. जिन्याच्या पायरीवर कंदील घेऊन बसली आहे, मांडीवर वही. वरच्या सज्ज्यातून माईंचा आवाज येतो.

"काय गं, अजून अडलंय का?"

"एकच शब्द राहिलाय, माई. कल्हईवाल्याने घालवला. परवा पण माझा सुटला होता. वर दादालाही नव्हता कळला."

"कुठला?"

"तोच तर माहीत नाही ना!"

माई हसतात. एकेक पायरी हाताने चाचपत खाली येतात आणि तिच्या वरच्या पायरीवर बसतात. "मला बाई मधूनच नाही सांगता यायचं," त्या म्हणतात. "पहिल्यापासून म्हणायला हवं."

आणि त्या सुरू करतात. आवाज चिरका, श्वास ओळीच्या मध्येच संपणारा, चाल फडक्यांची आणि ढंग जात्यावरच्या ओवीचा. पहिलं कडवं. दुसरं. तीन वेळा ऐकलंय त्यांनी, खांबाला टेकून, डोळे मिटून, एकदाही कुणाला काही न विचारता. चौकात अंथरुणावर कुणीतरी कूस बदलतं आणि तसंच जागं राहतं. माजघराच्या दारात वहिनी उभ्या आहेत, हातात विझवायची चिमणी. तुम्ही भिंतीशी बसून ओठ घट्ट मिटून घेतले आहेत, कारण तुमच्याही आत तेच गाणं त्याच लयीत पुढे सरकतंय आणि ते कडवं जवळ येतंय.

ती ओळ येते. तो शब्द येतो, बरोबर, आपल्या जागेवर.

"थांब, थांब माई!" धाकटी पेनाचं टोपण दातांत धरून काढते. कंदील जवळ ओढते. रेघेवर लिहायला लागते. शुक्रवारी घाईत तिने रेघ आखूड ओढली होती, आणि शब्द लांब आहे. शेवटचं अक्षर समासाच्या लाल रेघेपलीकडे जातं. ती फुंकर घालून शाई वाळवते.

"झालं?" माई विचारतात. "मग पुढचं म्हणू? अजून राहिलंय."